रात्रीचा रस्ता: दिसणं, दिसू देणं आणि जागं राहणं



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी रात्रीच्या ड्रायव्हिंगवर काय बोलावं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. गाडी कशी चालवावी हे आम्ही सांगणार नाही. ते राजूरच्या कोणत्याही हायवावाल्याला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. आमचा विषय इतिहासाचा आहे. अंधारात वाट चालणारा माणूस आजवर कोणाच्या भरवशावर सुरक्षित राहिला, तो भरवसा कसा बदलला आणि कुठे सुटला, हे आज आपण क्रमानं पाहू. शेवटी त्यातून आपल्या हाती काय लागतं तेही पाहू.

हा विषय राजूरला घ्यायला कारण आहे. आपला हा भाग कोळशाचा आणि चुन्याचा. वणी तालुक्यात राजूर म्हटलं की लोक कॉलरी म्हणतात. आजूबाजूला उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, नीलजई, घोन्सा या खाणी. खाण दिवस-रात्र ओळखत नाही. शिफ्ट रात्री सुटते, ट्रक रात्री भरतो, आणि नाईटला जाणारा माणूस मोटरसायकलला किक मारून अंधारातच घराबाहेर पडतो. म्हणजे रात्रीचा रस्ता हा आपल्याकडे हौसेचा मामला नाही, तो पोटाचा आहे. 'रात्री प्रवास टाळा' हा सल्ला शहरातल्या सहलवाल्यांना ठीक. ज्याची ड्यूटीच रात्री बारा वाजता सुरू होते त्याला तो सांगून काय उपयोग?

आधी एक आकडा सांगतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाचा आकडा आहे. रोजची सरासरी काढली तर साडेचारशेच्या वर जाते. त्याच अहवालांत वेळेनुसार तक्ता असतो. त्यात सगळ्यात जास्त अपघात मध्यरात्री होत नाहीत, संध्याकाळी ६ ते ९ या वेळात होतात. बाजार सुटलेला, शेतावरून माणसं परतलेली, अंधार पडू लागलेला, पण डोळे अजून अंधाराला सरावलेले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मागे जाऊ.

बंडीची रात्र

इंग्रजांनी निजामाकडून १८५३ साली वऱ्हाड घेतला. पुढे या भागाचा जिल्हा झाला तो वणी या नावानं, आणि १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं. त्या काळी इथलं मुख्य वाहन म्हणजे बंडी. पुण्याकडचे श्रोते ऐकत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो, बंडी म्हणजे बैलगाडी. कापसाच्या हंगामात बंड्या रात्रीच निघत. दिवसा ऊन, बैल थकतात, आणि सकाळी बाजार उघडायच्या वेळी गंजीत पोचायचं असतं. म्हणून जेवण करून जुंपायचं आणि रातोरात वाट कापायची.

त्या प्रवासाची व्यवस्था कशी होती? एक तर बंडी एकटी निघत नसे. पाच-दहा बंड्या एकामागे एक. पुढच्या बंडीवर जाणता माणूस. आसाखाली कंदील टांगलेला. तो कंदील गाडीवानाला रस्ता दाखवण्यापुरता नव्हता. मागच्या बंडीला पुढची बंडी कुठे आहे ते त्यावरून कळे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, गाडीवानाला झोप लागली तरी बैल जागे असत. बैलाला वाट ठाऊक, बैलाला खड्डा कळतो, समोर जनावर आलं तर बैल थबकतो. गाडीवान अर्ध्या वाटेत घोंगडी पांघरून आडवा होई आणि सकाळी बंडी बाजारात उभी असे. ही थट्टेची गोष्ट वाटते, पण तिच्यात एक रचना आहे. जागं राहण्याचं काम एका जिवावर टाकलेलं नव्हतं. ते बैलांत, सोबत्यांत आणि पुढच्या गाडीवानात वाटलेलं होतं.

जुनं ते सोनं, असं आम्हाला म्हणायचं नाही. त्या रस्त्यावर वाघ होता, वाटमारी होती, पावसाळ्यात नाल्याला पूर होता. बंडी उलटून माणसं मरत. पण वेग ताशी चार-पाच किलोमीटरचा होता. त्या वेगात माणसाच्या डुलकीची शिक्षा मृत्यू नव्हती. वेग वाढला तशी शिक्षा वाढली, आणि सोबतचे जागे जीव मात्र एकेक करून कमी झाले. आपल्या विषयाचा हा पहिला धागा.

खाणीतली रात्र

दुसरा धागा जमिनीखाली आहे. खाणीत बारा महिने रात्रच असते. तिथे माणसाला सुरक्षित कसं ठेवायचं, या प्रश्नावर जगभर दोनशे वर्षं विचार झाला. १८१५ साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीनं खाण कामगारांसाठी जाळीचा दिवा केला. दिव्याची ज्योत बारीक जाळीत ठेवली की बाहेरच्या वायूचा भडका उडत नाही. शिवाय ज्योतीचा आकार बदलला की वायू आहे हे कळतं. म्हणजे तो दिवा उजेडही देई आणि इशाराही देई.

आपल्याकडे खाणींचा पहिला कायदा १९०१ सालचा, मग १९२३ चा, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ चा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या या १९५२ च्या कायद्यात दोन गोष्टी होत्या, त्या आजच्या विषयासाठी फार मोलाच्या आहेत. पहिली, जमिनीखाली काम करणाऱ्या माणसाचे दिवसाचे तास आठाच्या वर जायचे नाहीत. दुसरी, जमिनीखाली या क्षणी कोणकोण आहे ते दाखवणारं रजिस्टर ठेवायचं. त्याच्या जोडीला लॅम्प रूमची पद्धत आहे. आत जाताना टोकन देऊन दिवा घ्यायचा, बाहेर आल्यावर दिवा जमा करायचा. शिफ्ट सुटली आणि एखाद्या खुंटीवर दिवा परत आला नाही, तर तो माणूस अजून खाली आहे हे न बोलता कळतं आणि शोध सुरू होतो.

खाणी म्हणजे सुरक्षिततेचा स्वर्ग, असा याचा अर्थ नव्हे. १९७५ साली धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाणी घुसलं आणि साडेतीनशेहून अधिक माणसं बुडाली. हे नियम माणसं मेल्यावरच झाले, आणि पुष्कळदा कामगारांनी भांडल्यावर झाले. पण नियमामागचा विचार पाहा. अंधारात गेलेल्या माणसाची काळजी त्यानं एकट्यानं घ्यायची नाही. कोणीतरी वर बसून त्याची मोजणी करायची, त्याचे तास मोजायचे, त्याच्या हातात चालणारा दिवा आहे की नाही ते पाहायचं.

आता तोच कोळसा वर येतो आणि ट्रकमध्ये पडतो. खाणीच्या फाटकाबाहेर पडल्यावर त्या कोळशासोबत जो माणूस आहे त्याचे तास कोण मोजतं? त्याचा दिवा परत आला की नाही हे कोण पाहतं? हा प्रश्न इथेच ठेवू. आधी मोटारीचा इतिहास पाहू.

मोटार आली आणि उजेडाचाच त्रास सुरू झाला

पहिल्या मोटारींना तेलाचे दिवे होते, मग कार्बाइडचे आले. कार्बाइडवर पाणी टिपकलं की ॲसिटिलीन वायू निघतो, तो पेटवला की पांढरा लख्ख उजेड. आपल्या जत्रेत, लग्नाच्या वरातीत जुन्या लोकांनी हा दिवा पाहिलेला आहे. खाण कामगारांच्या टोपीवरही तो होता. गंमत म्हणजे कार्बाइड बनतं ते चुना आणि कोक यांपासून. कोक म्हणजे भाजलेला कोळसा. चुना आणि कोळसा, राजूरला दुसरं काय आहे! म्हणजे मोटारीचा पहिला चांगला दिवा आपल्याच जातीच्या मालातून जन्मला, असं म्हणायला हरकत नाही.

१९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीनं विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर गाडीसोबतच द्यायला सुरुवात केली. विजेच्या दिव्याला वारा लागत नाही, तो विझत नाही. पण लवकरच लोकांच्या लक्षात आलं की आपला उजेड समोरच्याचा अंधार होतो. बंडीच्या कंदिलानं कोणाचे डोळे दिपले नव्हते. मोटारीच्या दिव्यानं दिपले. मग एकाच बल्बमध्ये दोन तारा घालून उजेड खाली करायची सोय आली. १९२४ च्या सुमारास युरोपात असा बल्ब बाजारात आला. आपण ज्याला डिपर म्हणतो तो हाच.

डिपरच्या शोधात आम्हाला एक नैतिक पाऊल दिसतं. आतापर्यंत दिवा माझ्यासाठी होता. डिपर हे पहिलं यंत्र जे ड्रायव्हर स्वतःसाठी वापरत नाही. डिपर दिला की मला कमीच दिसतं, समोरच्याला जास्त दिसतं. माझ्या हातातला उजेड मी थोडा सोडतो म्हणून आम्ही दोघंही वाचतो. ज्याला हे कळलं त्याला अर्धं नीतिशास्त्र कळलं. आमच्या वर्गात ते शिकवायला आम्हाला सहा महिने लागत.

कायदाही मागोमाग आला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, आणि आजचा १९८८ चा. १९८९ च्या केंद्रीय नियमांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणं बंधनकारक आहे. मालवाहू गाडीला मागे-पुढे-बाजूला परावर्तक पट्ट्या लावायच्या आहेत, ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. कायदा नीट वाचला तर त्यात दोन प्रकारची कर्तव्यं दिसतात. पाहण्याचं कर्तव्य आणि दिसण्याचं कर्तव्य. हेडलाइट पाहण्यासाठी, टेल लाइट आणि रेडियम दिसण्यासाठी. आपल्याकडे लोक हेडलाइटवर हजारो रुपये घालतात आणि मागचा वीस रुपयांचा बल्ब उडालेला असतो तो सहा महिने तसाच. स्वतःला दिसावं याची काळजी आहे, दुसऱ्याला आपण दिसावं याची नाही.

एक प्रयोग, जो कोणी मुद्दाम केला नव्हता

रस्त्यावरचा सगळा उजेड एका रात्रीत काढून घेतला तर काय होईल? असा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही. पण इतिहासानं तो करून ठेवला आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला. जर्मन विमानांना शहरं दिसू नयेत म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं. पेट्रोलवर रेशन आलं, त्यामुळे गाड्याही कमी झाल्या. तरी १९३८ साली रस्त्यावर ६,६४८ माणसं गेली होती, ती १९४१ साली ९,१६९ झाली. ब्रिटनच्या रस्त्यांच्या इतिहासात एवढे मृत्यू कोणत्याही वर्षी झालेले नाहीत, त्याआधीही नाही आणि त्यानंतरही नाही.

त्यावर त्यांनी काय केलं? फूटपाथच्या कडा पांढऱ्या रंगवल्या. झाडांना, खांबांना, गाड्यांच्या बंपरना पांढरे पट्टे मारले. वस्तीत रात्री वेगाची मर्यादा ताशी २० मैलांवर आणली. लोकांना पांढरं काहीतरी अंगावर घ्यायला सांगितलं. आणि पर्सी शॉ नावाच्या यॉर्कशायरच्या माणसानं १९३४ साली पेटंट घेतलेली एक वस्तू त्या काळात फार कामी आली. रस्त्यात रोवलेली काचेच्या डोळ्यांची खुंटी. ती स्वतः उजळत नाही, गाडीचाच अंधुक उजेड गाडीकडे परत पाठवते. आज आपल्या महामार्गावर मधोमध चमकणारे ठोकळे दिसतात ते तिचेच वंशज.

या उपायांमध्ये एकही उपाय 'ड्रायव्हरनं डोळे फाडून पाहावं' असा नाही, हे ध्यानात घ्या. रस्ता दिसला पाहिजे, माणूस दिसला पाहिजे, गाडी दिसली पाहिजे आणि वेग उजेडाच्या मापात पाहिजे. काम सगळ्यांमध्ये वाटलं गेलं.

दिसत नाही म्हणजे नाही का?

आता थोडं आमच्या विषयाकडे येतो, कंटाळू नका. अंधुक उजेडात दोरीला साप समजणं, हे वेदान्तातलं उदाहरण तुम्ही कीर्तनातही ऐकलं असेल. रात्री गाडी चालवणाऱ्याची चूक नेमकी उलट असते. त्याच्यापुढे साप असतो आणि त्याला दोरीसुद्धा दिसत नाही. त्याला वाटतं, रस्ता मोकळा आहे.

या चुकीचं नेमकं विश्लेषण आपल्या मीमांसकांनी केलेलं आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेत अनुपलब्धी नावाचं एक प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, हे ज्ञान आपल्याला न दिसण्यावरून होतं. पण त्याला त्यांनी एक अट घातली. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. उजेड पाहिजे, डोळा ठीक पाहिजे, मध्ये आड काही नको. या अटी पुऱ्या असतील तरच 'दिसत नाही म्हणून नाही' हे खरं. काळोख्या खोलीत उभं राहून 'इथे घडा नाही' असं म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. तुम्ही फार तर म्हणू शकता, मला माहीत नाही.

हा नियम रात्रीच्या रस्त्याला लावून पाहा. गाडी डिपरवर आहे. काळे कपडे घातलेला पायी माणूस त्या उजेडात पुष्कळदा ५० मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. दिसलं, कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर. रस्ता कोरडा, ब्रेक आणि टायर चांगले धरले तर मोटार थांबायला आणखी २० मीटर. झाले ४५. जेमतेम वाचला. तीच गाडी ८० वर असेल तर आधीच ३३ मीटर जातात, थांबायला ३६ च्या आसपास. झाले ७० मीटर. आपल्याला दिसतं ५० आणि आपण थांबतो ७० वर. म्हणजे शेवटचे २० मीटर आपण विश्वासावर चालवत आहोत. तिथे कोणी नाही हे आपल्याला माहीत नाही, आपण तसं धरून चाललो आहोत. भरलेल्या ट्रकचं थांबणं याहून लांब, पावसात त्याहूनही लांब.

म्हणून नियम एकच आहे. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. हा नियम पोलिसांच्या भीतीनं पाळायचा नाही. त्यापुढचं आपल्याला माहीत नाही, हे कबूल करायचं म्हणून पाळायचा.

आणि अनुमानाचेही सापळे आहेत. समोरून एकच दिवा येतो आहे, म्हणजे मोटरसायकल, असं आपण धरतो आणि जवळ आल्यावर कळतं की ती एका डोळ्यानं आंधळी ट्रॅक्टर-ट्रॉली होती. रस्त्याच्या कडेला दोन बारीक हिरवट ठिपके चमकले तर ते जनावराचे डोळे. आपल्या भागात रोही आणि रानडुकरं रात्री रस्ता ओलांडतात. एक रोही गेला की ड्रायव्हर वेग वाढवतो. पण रोही एकटा क्वचितच असतो, मागचा यायचा असतो.

डोळ्याचंही ऐका. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. समोरच्यानं अप्पर मारला की काही सेकंद आपण जवळजवळ आंधळेच असतो. अशा वेळी नजर रस्त्याच्या डाव्या कडेकडे न्यावी आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा. त्याला उत्तर म्हणून आपण अप्पर मारला तर रस्त्यावर दोन आंधळे झाले. आणि आमच्या वयाच्या मंडळींना खास सांगणं आहे. साठीनंतर बाहुली पहिल्यासारखी उघडत नाही, भिंग गढूळ होऊ लागतं, दिपलेला डोळा सावरायला वेळ लागतो. दिवसा सगळं वाचता येतं म्हणून रात्री सगळं दिसतं असं नाही. मोतीबिंदू तपासून घ्या, आणि मुलगा म्हणाला 'बाबा, रात्री मी चालवतो', तर त्यात अपमान मानू नका.

जागं कोण आहे?

आता झोपेकडे येऊ. इथे बैलाची आठवण ठेवा.

ट्रकवर पूर्वी क्लीनर असे. टायर पाहणं, काच पुसणं ही त्याची कामं, पण रात्री त्याचं खरं काम ड्रायव्हरशी बोलत राहण्याचं. नॅशनल परमिटच्या मालवाहू गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत असा केंद्रीय नियम होता, तो २०१८ साली शिथिल झाला. आता पुष्कळ ट्रकांवर क्लीनरही दिसत नाही. बैल गेले, सोबतच्या बंड्या गेल्या, दुसरा ड्रायव्हर गेला, क्लीनर गेला. जागं राहण्याचं सगळं ओझं एका माणसाच्या दोन पापण्यांवर आलं.

त्या पापण्यांना किती भार झेपतो? १९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी तपासलं. सतत १७ तास जागा असलेला माणूस हाताचं आणि लक्षाचं काम जितकं वाईट करतो, ते रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं निघालं. २४ तास जागा असेल तर ०.१० टक्के. आपल्याकडे दारूची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला, दारूचा थेंबही न घेतलेला सज्जन माणूस रात्री अकराला स्टिअरिंगवर बसतो तेव्हा कौशल्याच्या हिशेबानं तो कायद्याच्या मर्यादेबाहेर असू शकतो. त्याला तोंडाचा वास येत नाही, म्हणून कोणी अडवत नाही. आणि पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराचं घड्याळच झोप मागतं, तुम्ही कितीही गाणी लावा.

१ जुलै २०२३ ची रात्र आठवा. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. त्या एका अपघाताच्या कारणांवर आम्ही निवाडा देणार नाही, ते काम तपास यंत्रणांचं आणि न्यायालयाचं. पण त्यानंतर घराघरात एक प्रश्न विचारला गेला तो योग्य होता. आपण रात्रीच्या बसमध्ये निवांत झोपतो, तेव्हा आपल्या वतीनं जागं कोण असतं, आणि तो किती तासांपासून जागा आहे?

कायद्याला हा प्रश्न ठाऊक नाही असं नाही. २०२५ पर्यंत १९६१ चा मोटर परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्याला थोडी सवलत. १९८८ च्या मोटार कायद्याच्या कलम ९१ नं हेच तास मालवाहू आणि प्रवासी गाड्यांच्या ड्रायव्हरांनाही लावले होते. म्हणजे खाणीतल्या माणसाला आठ तास आणि ट्रकवरच्या माणसालाही आठ तास. कागदावर दोघं सारखे. फरक कुठे? खाणीत तास मोजणारा माणूस बसलेला आहे, हाजरी आहे, युनियन आहे. ट्रकवाल्याला पैसे खेपेवर मिळतात. एक खेप जास्त म्हणजे घरी चार पैसे जास्त, आणि एक झोप कमी. तास मोजायला कोणी नाही, खेपा मोजायला मात्र सगळे आहेत. कोळसा तोच, अंधार तोच, माणूसही आपल्यातलाच. मघाशी ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. फाटकाबाहेर त्याचा दिवा कोणीच मोजत नाही.

आपल्या हातात काय आहे

मग करायचं काय? आम्ही प्रत्येकाच्या वाट्याचं थोडं थोडं सांगतो.

चालवणाऱ्यासाठी: जांभई दुसऱ्यांदा आली, मागचे दोन किलोमीटर आठवत नाहीत, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊ लागली, की झोप आलेली आहे, येणार आहे असं नाही. काच उघडणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, यानं काही मिनिटं निघतात. खरा उपाय झोप हाच. टपरीवर चहा घ्या, गाडी रस्त्यापासून दूर लावा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. चहाचा अंमल चढेपर्यंत डुलकीही होते. समोरची काच रोज आतून-बाहेरून पुसा. कोळशाच्या धुळीचा थर दिवसा जाणवत नाही, रात्री समोरचा दिवा आला की पूर्ण काच पांढरी होते. हेडलाइटच्या काचेचंही तेच.

नाईट करून सकाळी परतणाऱ्यासाठी: ती वाट सर्वांत धोक्याची. शक्य तिथे दोघांनी एका गाडीवर या, आणि ज्याला कमी झोप आली आहे त्यानं चालवा. हेल्मेटची काच ओरखड्यांची असेल तर बदला.

गाडी बंद पडली तर: आपल्याकडे मागे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात. हेतू चांगला आहे, पण दगड रात्री दिसत नाही आणि गाडी निघून गेल्यावर तो तिथेच राहतो. पुढच्या मोटरसायकलवाल्यासाठी तो मृत्यूच. परावर्तक त्रिकोण ठेवा, तो चांगला पन्नास पावलं मागे ठेवा, इंडिकेटर चारी चालू ठेवा. आणि दगड ठेवलेच असतील तर जाताना उचला.

गावासाठी: बंडी आणि ट्रॉली अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांचाही रस्त्यावर तेवढाच हक्क आहे. बंडीच्या मागच्या फळीला आणि जुवाला रेडियमची पट्टी लावायला खर्च एका चहा-नाश्त्याचा. ग्रामपंचायतीनं, शाळेच्या मुलांनी कापूस निघायच्या आधी एक दिवस बसून सगळ्या बंड्यांना, ट्रॉल्यांना, सायकलींना पट्ट्या लावाव्यात. आसाखालचा कंदील गेला, त्याच्या जागी हे. संध्याकाळी रस्त्यानं फिरायला जाणाऱ्यांनी गाडीच्या समोरून येणाऱ्या बाजूनं चालावं आणि अंगावर पांढरं काही घ्यावं. सहा ते नऊची वेळ आठवा.

मालकासाठी, ठेकेदारासाठी आणि माल उचलणाऱ्या कंपनीसाठी: फाटकावर ट्रकचं वजन होतं, कागद तपासले जातात. तिथेच एक प्रश्न आणखी विचारा, 'शेवटचं कधी झोपलास?' आणि मागचे दिवे लागतात का, ते पाहा. खाणीच्या आत जे आपण शिकलो ते फाटकाबाहेर न्यायचं, एवढीच मागणी आहे. ती ग्रामसभेतून, युनियनमधून लेखी करा. दान म्हणून मागू नका, तास ठरवणारा कायदा आधीच आहे.

आणि शेवटचं, अपघात दिसला तर थांबा. पूर्वी लोक पोलिसांच्या चक्करला भीत, आणि ती भीती खोटी नव्हती. पण ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीत मोटार कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. १०८ ला फोन करा, आपली गाडी सुरक्षित लावा, मागून येणाऱ्यांना टॉर्चनं इशारा द्या. रात्री पडलेल्या माणसाला पुष्कळदा पहिल्या धडकेपेक्षा मागून येणारी दुसरी गाडी मारते, कारण तो तिला दिसत नाही.

मंडळी, घरातून कोणी रात्री निघालं की आपल्याकडे 'पोचल्यावर फोन कर' म्हणतात. ही लॅम्प रूमचीच पद्धत आहे, फक्त घरची. ती चांगली आहे, तीत एकच सुधारणा करा. चालत्या गाडीवर पुन्हा पुन्हा फोन करून 'कुठं पोचला' विचारू नका. निघायची वेळ आणि पोचायची वेळ ठरवून घ्या, त्यात त्याच्या डुलकीची वीस मिनिटं आधीच धरा, आणि उशीर झाला म्हणून रागावू नका. उशिरा पोचणाऱ्या माणसाला घरी मान मिळाला, तर रस्त्यावर तो घाई करणार नाही.

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा, विशेषतः ट्रक चालवणाऱ्या मंडळींनी. आमचं कुठे चुकत असेल तर ते तुम्हालाच ठाऊक असणार.